न दिसलेली ज्योत

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.
यंत्र तयार. आरसे ऊन गोळा करून नळीवर टाकणार. नळीत मिथेनॉल आणि पाणी, आत तांब्याची पूड. नळी तापली की दुसऱ्या टोकाला हायड्रोजन. तिथे ज्योत पेटवून दाखवली की जिंकलो. अठरा वर्षं बॉयलर सांभाळलेत, हे किस झाड की पत्ती.
हिच्याशी करार: नोकरी सोडल्यावर वर्षभर गच्ची माझी. ३१ मार्चपर्यंत ज्योत दिसली नाही तर मेहुण्याच्या गिझरच्या दुकानात बसायचं. तिथे 'साहेब, पंधरा लिटर की पंचवीस' विचारण्यापेक्षा मेलेलं बरं.

७ मार्च
ढग. निसर्गही मेहुण्याला सामील.

११ मार्च, दुपारी १२.३०
तापमान अडीचशे. वेल्डरचा काळा चष्मा लावून, सहा फुटांवरून, काठीला बांधलेला लायटर टोकाशी नेला. फट् झालं. ज्योत नाही. लायटर भंगार आहे. मेहुण्याने दिलेला.

१२ मार्च
नवा लायटर. पुन्हा फट्. पुन्हा काही नाही. वैतागून खाली जाऊन झोपलो.

१५ मार्च
गच्चीत दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलला जळून भोक पडलंय. ही विचारते, कसं. म्हणालो, शेजारी सिगारेट ओढतो. ही तडक विचारून आली. त्याने सोडून सहा वर्षं झाली म्हणे. मी म्हणालो, चोरून ओढत असेल. त्याने ऐकलं. बोलणं बंद.

१९ मार्च
लेकीचा फोन. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हणाली, बाबा, तुमची प्रयोगाची वही एकदा पहिल्यापासून वाचा. वही मीच लिहिली आहे. वाचायची काय गरज?
तांब्याची पूड बदलली.

२४ मार्च
चष्मा काढून जवळ जाऊन पाहिलं. ज्योत नाही. मात्र उजवी भुवई गेली. ऊन फार वाढलंय. ही हसत होती. मला खरंच वाईट वाटलं.

३१ मार्च
मेहुणा साक्षीला. भरपूर ऊन हवं म्हणून ऐन बाराची वेळ दिली. फट्. तिघं टोकाकडे बघत राहिलो. मेहुणा हसला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, भाऊजी, परवा दहाला या, घाई नाही.
संताप आला. आरसे, नळी, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. हिने माझ्या पुढ्यात चहा ठेवला.

१ एप्रिल, संध्याकाळी ६
दुकानासाठी कोरी पानं फाडायला प्रयोगाची वही उघडली. पहिलं पान. माझंच अक्षर, लाल शाईने दोनदा अधोरेखित: 'हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. अंधारात बघणे.'
म्हणजे पेटत होती. रोज. माझ्यासमोर.
भंगारवाल्याकडे धावत गेलो. नळीचे तुकडे करून झाले होते.
लेकीला फोन लावला. ती म्हणाली, कदाचित. पण हायड्रोजन न होता तसंच बाहेर आलेलं मिथेनॉल पेटलं तरी त्याचीही ज्योत उन्हात दिसत नाही, बाबा. नक्की काय जळत होतं ते आता कळायचं नाही.
हिला काही सांगितलं नाही. उद्या दहाला दुकान. त्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन यायचं आहे, टॉवेलचं सांगायला.