नम्रताच्या वाटेवरच्या हाका

ता. कर्जत, जि. रायगड
१४ डिसेंबर २०२४

चि. देवेशला मालोजीचे आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. थंडीमुळे कळंबच्या बंगल्यांवर पाहुणे फार, भाकरी-कोंबडीच्या ऑर्डरी उरकत नाहीत. तुझी बहीण चुलीपाशी माझ्यावर ओरडतेय, म्हणजे तब्येत ठणठणीत.

तुझ्या भाचीच्या, नम्रताच्या धावण्याच्या सरावाचा तू पाठवलेला नवा तक्ता मिळाला. रक्त तपासलं, सगळं उत्तम. बूट नवे आहेत. खाणं तर आमचा धंदाच. तरी ती मागे का पडतेय, असं तू फोनवर विचारलंस आणि मी ‘ताप होता’ म्हणालो. ताप नव्हता. या घरात भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र.

गावकीनं आम्हाला वाळीत टाकलंय. गणपतीनंतर.

आपल्याकडे भाकऱ्या थापणारी जना आठवते? दिरानं मारलं म्हणून ती पोलिसात गेली, आणि गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. मी तिला कामावरून काढली नाही, तर आमच्याशीही टाकलं. मी हसलो. माझं गिऱ्हाईक मुंबईचं, मला काय फरक पडतो?

माझे कान तुला ठाऊक आहेत. आधी सकाळी अंगणात बसून मला कळायचं, पोर कुठवर पोचली ते. नळावर बाया ओरडायच्या, “अगं, पाय हायेत का चाकं?” पुढे दूधवाला, “आज जड पडतंय गं, काल मटान हानलंस का?” मग तिची मैत्रीण रोहिणी तिच्या जोडीनं सायकल काढायची, दोघींची खिदळ शेतापर्यंत.

आताही कळतं. नळावरची बडबड एकदम थांबते, म्हणजे नम्रता तिथं आहे. पुन्हा सुरू झाली की ती पुढे गेली. रोहिणी तिला बघून सायकल वळवते.

मी म्हटलं, माथेरानच्या घाटात धाव, तिकडे कोण ओळखतं? थोडे दिवस गेली. मग म्हणाली, “बाबा, दम नाय लागत. निम्म्यात वाटतं, कशाला?”

तू म्हणशील, कायदा आहे. आहे की. पण दुकानदार सामान देतो, नळाला पाणी येतं. कायद्यानं कुणाला “हळू गं” म्हणायला लावता येत नाही.

परवा गावकीतला गजाकाका मागच्या दारानं आला. “मालोजी, आमचं तुज्याशी भांडान नाय रं. जनीला काढ, देवळात नारळ दे, झालं.” खरं सांगतो, मनात नारळ सोलूनही झाला होता. आत जना परात खाली ठेवून हात पुसायला लागली.

तो गेल्यावर नम्रतानं विचारलं, “नारळ दिलात की परत हाका मारतील?”

“मारतील की.”

“मग तर मला अजिबात धावता नाय येनार.”

जना अजून भाकऱ्या थापतेय. नम्रता तिच्याशेजारी डबे भरते, मान वर न करता. जानेवारीच्या शर्यतीतून तिचं नाव काढ. नवा तक्ता पाठवू नकोस.

जमलं तर ये. रिक्षा वेशीवर सोड आणि घरापर्यंत चालत ये. कुणी हाक मारणार नाही, तेवढ्याशा वाटेनं थकशील. मग आत आल्यावर तिला काही विचारू नकोस.

तुझा भावोजी
मालोजी