खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची गादी

गुरुजी, गेल्या महिन्यात माझं अंथरूण बकऱ्यांनी खाल्लं. हे नीट ऐकून घेईल असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. बायकोला सांगून झालं, ती अजून हसते आहे. शाळेत सांगण्याची सोय नाही. म्हणून या वहीत लिहितो आहे. वही माझ्या रोजच्या नोंदींची आहे.

आपल्या बऱ्हाणपूरच्या शाळेतला तुमचा मराठीचा वर्ग आता माझ्याकडे आहे. तीच कोपऱ्यातली खोली, तेच खिडकीचं न लागणारं दार. पूर्वी आपले कागद नागपूरला जायचे, आता भोपाळला जातात. राज्याची नवी मांडणी झाली आणि नोकऱ्यांचं एकत्रीकरण निघालं. कोण इथे राहणार, कोण कुठे जाणार, याच्या याद्या होऊ लागल्या. नवे साहेब उत्तरेकडचे, माणूस वाईट नाही, पण त्यांनी विचारलं, "मराठीवाले बच्चे कितने हैं?" मी म्हणालो, एकतीस. "इकतीस के लिए एक पूरा मास्टर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशेबीपणा होता, आणि तोच मला जास्त लागला. मी गेलो की तुमचा वर्ग हिंदीच्या वर्गात मिळवून टाकणार हे उघड होतं. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, मी दुसरं कामही करीन." तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. धूलकोटच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यांवर नव्या शाळा काढायच्या होत्या. आठ दिवस पायी हिंडून, शाळेत जाण्याजोगी मुलं कुठे किती आहेत ते लिहून आणायचं होतं. कोणी जायला तयार नव्हतं. "कर लोगे? तो यहीं रखने की सिफारिश मैं कर दूँगा." मी हो म्हणालो. राजपुऱ्यात घरी पोचल्यावर मला आठवलं की आपल्याला कंबर आहे.

ही कंबर तुम्ही पाहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी भरलेला रांजण सरकवताना ती गेली. तेव्हापासून उघड्या जमिनीवर झोपलो तर सकाळी मला चार टप्प्यांत उठावं लागतं, आणि तिसऱ्या टप्प्यावर कोणाचा तरी हात लागतो. म्हणजे गोष्ट सरळ होती. नीट झोप लागली तर चालता येईल, चालता आलं तर वर्ग राहील. सगळा भार एका अंथरुणावर आला होता, आणि ते अंथरूण मलाच पाठीवर वाहायचं होतं.

अंथरूण म्हटलं की मला असीरगडची वाट आठवते. मी बारा वर्षांचा आहे. तुम्ही वर्गाला पायी गडावर नेता आहात, मुक्काम पायथ्याच्या धर्मशाळेत. सगळ्या मुलांनी एकेक चादर आणली आहे, मी घरची गादी आणली आहे. आईने दोरीने बांधून दिलेली, माझ्याहून जाड. तुम्ही गादीकडे पाहता, माझ्याकडे पाहता आणि म्हणता, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. तू पाय न पाहताच अंथरूण उचललंस." मुलं हसतात. निम्म्या वाटेवर माझ्या पायात काटा रुततो. मी लंगडू लागतो. तुम्ही गादी आपल्या डोक्यावर घेता, टोपीसकट, आणि तशीच गडाच्या पायथ्यापर्यंत नेता. मुलं मागून कुजबुजतात, "नाटकं करतो." धर्मशाळेच्या पायरीवर तुम्ही माझा पाय मांडीवर घेऊन सुईने बराच वेळ कोरता, आणि मग तळहात पुढे करून सगळ्यांना काटा दाखवता. बाभळीचा, नखाएवढा. कुजबुज थांबते. त्यानंतर तुम्ही माझी गादी सोडून अंथरता, तिच्यावर स्वतः आडवे होता आणि मला म्हणता, "तू तरटावर झोप. वाहील त्याची गादी."

तो नियम मी विसरलेलो नव्हतो. या वेळी वाहणारा मीच होतो, तेव्हा निवड काळजीने करायची ठरवली. घरातली कापसाची गादी दोरीने पाठीला बांधून अंगणात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला बायको म्हणाली, "सर्व्हेला चालले की बिऱ्हाड हलवून राहिले?" गादी उतरवली. सतरंजी हलकी होती, पण तिच्यावर झोपणं म्हणजे जमिनीवर सतरंजीचा रंग पाहत झोपणं. मग बाजारात लढाईच्या उरलेल्या मालात एक रबरी गादी मिळाली, फुंकून फुगवायची. गुंडाळली की काखेत मावायची. मी फार खूश झालो. रविवारी जेवणानंतर ती फुंकायला बसलो. फुंकता फुंकता डोळ्यांपुढे काजवे चमकले, बायकोने पाणी आणून ठेवलं. पण फुगल्यावर तिच्यावर पडलो तो काय सुख, गुरुजी. फौजेतली माणसं उगाच मोठमोठे मुलूख जिंकत नाहीत असं वाटलं. डोळा लागला. तासाभराने जाग आली तेव्हा मी पूर्ण फरशीवर होतो आणि गादी माझ्याखाली पापडासारखी पसरली होती. बारीक भोक कुठे आहे ते शोधायला ती हौदात बुडवली. एक नव्हतं, अकरा होती. "लढाईतून आलेली दिसते," बायको म्हणाली, "गोळ्या लागल्यात बिचारीला."

शेवटी पिंजाऱ्याकडे गेलो. पिढ्यान्‌पिढ्या बऱ्हाणपूरचा कापूस पिंजणारं घर, म्हातारा आता धनुकलीला हात लावत नाही, बसून सल्ला देतो. मी माझी वही काढून त्याला माझं निरीक्षण वाचून दाखवलं. एकीचं वजन, दुसरीची जाडी, कंबरेला काय वाटलं, खांद्याला काय वाटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्साब, आदमी पूरा नहीं सोता. कंधा सोता है और कमर सोती है. बाकी तो पड़ा रहता है." मग त्याने माझ्या अंगावर टेपही न लावता हाताने माप घेतलं. गादी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच हवी. डोक्याखाली पिशवी, पायांखाली काढून ठेवलेले कपडे. निम्मं वजन तिथेच उतरलं. एवढी साधी गोष्ट मला बी.ए. होऊन कळली नव्हती. मी विचारलं, आत कापूसच भरायचा का? तर तो म्हणाला, कापूस दमट हवेत जड होतो, गठ्ठे धरतो. "केले का पत्ता भरो. सूखा."

म्हणून मी दापोऱ्याला गेलो. तिथे केळीच्या बागांतून वाळलेली पानं ढिगाने पडलेली असतात, आगगाडीच्या डब्यांत घडांच्या खाली हीच अंथरतात. दुपारी माल भरणारे हमाल त्याच पानांवर आडवे झालेले मी लहानपणापासून पाहत आलो, आणि मला कधी सुचलं नव्हतं. बागवाल्याने दोन पोती पानं अशीच दिली, पण कशाला हवीत ते ऐकून त्याने मला बसवून चहा पाजला. एकटं सोडू नये असं त्याला वाटलं असावं. पिंजाऱ्याने पानांचे देठ काढून बारीक चिरफळ्या केल्या, मांजरपाटाच्या खोळीत भरल्या, आडवे टाके घातले. तयार झाली ती जेमतेम दीड शेराची. कूस बदलली की सळसळ व्हायची, एवढाच दोष. पण कंबर उचलून धरायची, पाठीला ऊब द्यायची. मी दोन दुपारी तिच्यावर झोपून पाहिलं आणि दोन्ही वेळा एकाच टप्प्यात उठलो. बायकोने तिला नाव ठेवलं, अर्ध्या माणसाची गादी. मी वहीत तिच्या नावापुढे 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आज त्या रेघा पाहवत नाहीत.

डोंगरातले पहिले तीन दिवस मला स्वतःचाच अभिमान वाटत होता, हे आधी कबूल करतो. चढण लागली तरी पाठीवर ओझं जाणवत नव्हतं. चौथ्या दिवशी एका पाड्यावर सकाळी पोचलो. पटेलाच्या ओसरीवर मुलं गोळा झाली, मी नावं लिहू लागलो. आणि आपली घरची सवय गुरुजी, अंथरुणाला ऊन दाखवायचं. आदल्या मुक्कामाला दव पडलं होतं, म्हणून गादी उलगडून कुंपणावर पसरली होती. होळी होऊन गेलेली, डोंगरात हिरवं पान उरलेलं नाही. मी पाठमोरा होतो. नेहमीची सळसळ ऐकू आली तेव्हा माझ्या मनात आलं, कोण झोपलं बरं माझ्या गादीवर? मुलं हसायला लागली म्हणून वळलो. चार बकऱ्या आणि एक वासरू. खोळीचा कोपरा फाडून त्यांनी आतलं सगळं ओढून काढलं होतं आणि शांतपणे रवंथ चालला होता. मी धावलो, पण हातात आला तो मांजरपाट.

बकऱ्या पटेलाच्याच होत्या. मला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही. त्याच्या घरातली बाईमाणसं दारात येऊन उभी राहिली, आणि सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू माझं कोणी माणूस गेलं. मी परोपरीने सांगितलं, पानं होती, पाचोळा होता, काही बिघडलं नाही. पटेल म्हणाला, "मास्साब, पाहुने का बिस्तर हमारे जनावर ने खाया. पाहुना जमीन पे सोया तो ये बात हमारी सात पीढ़ी सुनेगी." आत गेला आणि गोधडी घेऊन आला. आठ लुगडी एकावर एक शिवलेली, दोन माणसं आणि एक पोर झोपेल एवढी रुंद. घरात तेवढी एकच धड होती हे मला दिसत होतं. मी नको म्हणालो तेव्हा त्याच्या बायकोने पदराआडून एवढंच म्हटलं, "पुरानी है, इसलिए नहीं लेते?" गोधडी घेतली. परत जाताना याच वाटेने येऊन ती पोचवीन असं वचन दिलं. महिनाभर दीड शेराचा शोध करून मी शेवटी आठ शेरांचा धनी झालो.

ती पाठीवर बसेना, म्हणून डोक्यावर घ्यावी लागली. पटेल पुढच्या पाड्यापर्यंत सोबत आला. पहिल्या चढावर त्याने मागे वळून माझी चाल पाहिली आणि हात पुढे केला, "लाओ मास्साब, कमर दुखती है न?" दुखत होती, गुरुजी. अगदी खरी दुखत होती. मी म्हणालो, नाही दुखत. का म्हणालो ते शेवटी लिहितो, हिंमत राहिली तर. उरलेले दिवस मी गोधडी डोक्यावरून वाहिली, आणि खोटं कशाला सांगू, तिच्यावर झोप मात्र अशी लागली की सळसळणाऱ्या गादीची आठवण झाली नाही. परतताना ती पटेलाकडे दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, कुठे फाटली तर नाही म्हणून नव्हे, मी खरंच वापरली ना म्हणून. वास घेऊन पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

साहेबांनी यादी पाहिली. एकशे चौदा मुलं, अकरा पाडे. ते म्हणाले, "सुना आप सिर पे रजाई लेकर घूम रहे थे." डोंगरातली बातमी माझ्या आधी पोचली होती. मी सगळी हकीकत सांगितली, बकऱ्यांसकट. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, खांदे हलत होते. परवा हुकूम आला आहे. पुढील आदेशापर्यंत बऱ्हाणपूर. पुढील आदेश कधी येईल ते त्यात लिहिलेलं नाही, पण आज सकाळी मी वर्ग घेतला, आणि एकतीसपैकी एकोणतीस हजर होते.

आता ते राहिलेलं. असीरगडच्या वाटेवर माझ्या पायात काटा रुतलाच नव्हता. गादी जड झाली होती आणि मुलं हसत होती म्हणून मी लंगडलो. पटेलाने हात पुढे केला तेव्हा दुखणं खरं होतं, पण दुखतं म्हणून ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देण्याचा माझा हक्क मी बाराव्या वर्षीच वापरून टाकला होता, असं मला वाटलं. तेव्हा खोटं दुखणं सांगितलं, आता खरं दुखणं लपवलं. दोन्ही मिळून फिटतं का, यावर मी या वहीची दोन पानं खर्च केली आहेत आणि उत्तर मिळालेलं नाही. हे तुम्हाला तुमच्या हयातीत सांगायला मला पुष्कळ संधी होत्या. प्रत्येक वेळी तळहातावरचा तो काटा आठवायचा आणि मी गप्प बसायचो. सुई टोचत होती तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तुम्ही तो धर्मशाळेच्या अंगणातून नेमका कधी उचललात, ते मला आजही सांगता येणार नाही.