दुसऱ्यावरून तिसऱ्यावर

४ फेब्रुवारी, रविवार
गाडी घरी आणली. सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. आधीचे मालक निवृत्त दंतवैद्य. नीटनेटका माणूस, डॅशबोर्डवर धुळीचा कण नाही.

गाडी हिच्यासाठी घेतली आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. हिला लॅबमध्ये बढती मिळाली. मुख्य तंत्रज्ञ. पण नवी शाखा पार दुसऱ्या टोकाला, हजेरी सातला, मध्ये दोन बस. साडेपाचला घर सोडावं लागतं. हिच्याकडे लायसन्स आहे. क्लासमध्ये ऑटोमॅटिकच शिकली. चांगली चालवते, असं हिचं म्हणणं.

संकल्प: एक आठवडा मी स्वतः चालवून संपूर्ण तपासणी. येत्या रविवारी किल्ली हिच्या हातात. मी लिफ्ट तपासणीस आहे. माझ्या सहीशिवाय या शहरात कोणी वर जात नाही.

घरी येताना दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना झटका जाणवला. किरकोळ.

५ फेब्रुवारी
ऑफिसला जाताना अकरा झटके. येताना चौदा. किरकोळ नाही.

६ फेब्रुवारी
वेगळी वही केली. निरीक्षण: झटका ताशी वीसच्या आसपास एक, चाळीसच्या आसपास एक. म्हणजे बरोबर जिथे आपण गिअर बदलला असता तिथे. ऑटोमॅटिकमध्ये आपण बदलत नाही, तो बदलतो. त्याला बदलता येत नाहीये.

आणखी एक. झटका येणार हे मला क्षणभर आधी कळतं. पायाला जाणवतं. सत्तावीस वर्षं क्लच दाबल्यावर शरीरच यंत्र होतं. हे कॉम्प्युटरला जमणार नाही.

हिला सांगितलं, गाडीत दोष आहे, आठवडा वाढवावा लागेल. बरं, म्हणाली. डबा भरत होती.

८ फेब्रुवारी
मेहुणा येऊन गेला. याला सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाला, ताईला निदान सकाळी सोडत तरी जा. मी म्हणालो, तपासणी पूर्ण न झालेल्या यंत्रात माणूस बसवणं माझ्या पेशात बसत नाही. तो म्हणाला, तुम्ही बसताच की. मी म्हणालो, मी तपासणीस आहे. 

११ फेब्रुवारी, रविवार
आज किल्ली द्यायचा दिवस. दिली नाही. त्याऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं. पट्टी ओढून बघितली. काळंकुट्ट! ऑटोमॅटिकचं ऑइल लालसर असतं, हे मी तीन व्हिडिओंमध्ये पाहिलं आहे. निदान झालं. हिला बाल्कनीतून खाली बोलावून पट्टी दाखवली. हिने विचारलं, ही इंजिनची पट्टी नाही ना? मी म्हणालो, तू रक्त बघ, मी ऑइल बघतो.

संध्या. ६:००
ती इंजिनची पट्टी होती. गिअरबॉक्सची पट्टी बॅटरीमागे आहे. त्यावरचं ऑइल लाल, स्वच्छ आणि नेमक्या खुणेपर्यंत आहे. हिला अजून सांगितलेलं नाही. दोन्ही ऑइलं तपासायलाच हवीत.

१४ फेब्रुवारी
अर्धा दिवस रजा. गॅरेज. गॅरेजवाला अबोल माणूस, हात सतत फडक्याला पुसत असतो. त्याने कॉम्प्युटर जोडला. एकही एरर नाही. मग स्वतः चालवून बघितली, मी शेजारी. स्टेशनपर्यंत गेलो, पुलावरून आलो. एकही झटका नाही. गाडी लोण्यासारखी. गाडी ठणठणीत आहे म्हणाला.

परतताना मी चालवली. गॅरेजच्या फाटकातून रस्त्याला लागतो न लागतो तोच झटका. आरशात पाहिलं. गॅरेजवाला फडकं हातात घेऊन रस्त्यावर आला होता आणि गाडीच्या मागच्या बाजूकडे, दिव्यांकडे बघत होता. हात हलवून मला थांबायला सांगत होता. मी थांबलो नाही. ज्याला झटका देता येत नाही त्याला झटक्यातलं काय कळणार.

१५ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याचे दोन मिस्ड कॉल. बिल वाढवायचं असेल. उचलले नाहीत.

१८ फेब्रुवारी, रविवार
मोठा शोध. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मेंदू असतो आणि तो मालकाच्या सवयी शिकतो. म्हणजे आमच्या गाडीच्या डोक्यात अजून दंतवैद्य आहे! त्यांची चालवण्याची पद्धत वेगळी असणार. गॅरेजवाल्याची त्यांच्याशी जुळत असेल. माझी जुळत नाही, म्हणून गाडी विरोध करते.

उपाय: बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवायची. मेंदू कोरा होतो.

दुपारी १२:३०
केलं. घड्याळ बारावर गेलं. रेडिओची सगळी स्टेशनं पुसली. ड्रायव्हरच्या बाजूची काच निम्म्यावर अडकली आहे.

दुपारी १:१५
झटका शिल्लक.

२१ फेब्रुवारी
ही आज लॅबला बावीस मिनिटं उशिरा पोचली. दुसरी बस भरून आली, थांबलीच नाही. रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत ताटकळली. वरिष्ठ बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. काय म्हणाल्या ते हिने मला सांगितलं नाही, आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं. मी शेजारच्या खोलीत वहीत नोंदी करत होतो. जमत नसेल तर जुन्या शाखेत जुन्या पदावर परत जा, असं काहीसं.

संकल्प: महिनाअखेर गाडी बिनझटक्याची.

२४ फेब्रुवारी, शनिवार
दुकानातून एक बाटली आणली. गिअरबॉक्समध्ये घालायचं औषध. बाटलीवर लिहिलंय: जर्कपासून मुक्ती. दुकानदाराला विचारलं, किती दिवसांत? तो म्हणाला, गाडीवर आहे. प्रामाणिक माणूस. बाटलीभर ओतलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
औषध मुरेपर्यंत इंजिनचे रबरी माउंट तपासावेत म्हणून गाडी जॅकवर चढवायला घेतली. जॅक हातातून सुटला. डाव्या पायाच्या अंगठ्यावर.

हाताने लिहितोय, पायाने नाही, तरी अक्षर बिघडलं आहे.

डॉक्टर म्हणाले, फ्रॅक्चर. तीन आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही. गाडी चालवू का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

२७ फेब्रुवारी
ऑफिसला गाडीनेच गेलो. ऑटोमॅटिकचा हाच फायदा, एका पायाचं काम. डावा पाय हिने उशीवर, सीट जमेल तितकी मागे सरकवून, दाराकडे तिरका करून ठेवून दिला.

झटका नाही.

जाताना नाही. येताना नाही. पुलावर मुद्दाम दोनदा वेग कमी-जास्त केला. नाही. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी.

औषध मुरलं!

२८ फेब्रुवारी
आजपासून हिला रोज सकाळी मी सोडतो. सहा दहाला निघायचं, सहा पन्नासला दारात. ही वाटेत डुलकी काढते. गेल्या महिन्यात मी हिला झोपलेलं पाहिलं नव्हतं, इतकी आधी उठत होती.

गाडी बरी झाली, मग किल्ली? यावर विचार केला. औषधाचा कोर्स पूर्ण होऊ द्यावा.

६ मार्च
ऑफिसात एका सहकाऱ्याला गिअरबॉक्सवर मार्गदर्शन केलं. त्याची गाडी मॅन्युअल आहे, पण ज्ञान उपयोगी पडतंच.

मेहुण्याला फोन करून बाटलीचं नाव सांगितलं. लिहून घेतल्यासारखं करत होता.

१५ मार्च
लॅबच्या वरिष्ठ बाई आज दारात उभ्या होत्या. हिला म्हणाल्या, आता वेळेवर येता. हिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी काचेतून हात केला. काच अजून निम्मीच उतरते.

१७ मार्च, रविवार
प्लास्टर निघालं. बूट घालता आला. दोन पायांवर उभं राहणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे लोकांना कळत नाही. उद्यापासून सगळं पूर्ववत.

१८ मार्च, सोमवार
सगळं पूर्ववत. झटका परत आला.

कोपऱ्यावरच पहिला. हिचं कपाळ डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. लॅब येईपर्यंत एकोणीस. ही आज झोपली नाही. एकदाही रस्त्याकडे बघितलं नाही. सगळा वेळ खाली, माझ्या पायांकडे बघत होती. पाय दुखतोय का बघत असेल. मी म्हणालो, अंगठा छान आहे, काळजी करू नको. ही म्हणाली, दिसतंय.

निदान: औषधाचा असर तीन आठवडे टिकतो. दुसरी बाटली आणावी की गिअरबॉक्सच उघडावा?

२० मार्च
निर्णय. गिअरबॉक्स उघडायचा. दुसऱ्या गॅरेजमध्ये शुक्रवारी गाडी टाकणार, पंधरा दिवस लागतील. तोवर गाडी जागची हलवायची नाही. हिला सांगितलं, उद्यापासून पुन्हा बस. उद्या हिच्या लॅबची वार्षिक तपासणी आहे, बाहेरून लोक येणार, साडेसहालाच पोचायचं आहे, असं ही म्हणाली. मी म्हणालो, तपासणीचं महत्त्व मला सांगू नको.

ही लवकर झोपली.

२१ मार्च, गुरुवार, सकाळी ५:५५
उठलो. खुंटीवर किल्ली नाही.

५:५८
खाली गाडी नाही.

६:०३
हिचा फोन लागतो, उचलत नाही. बरोबर आहे, चालवताना उचलू नये. पण उचलायला हवा.

६:१०
आता पुलाच्या चढावर असेल. तिथे सगळ्यात वाईट झटका येतो. मागून ट्रक.

६:१५
काच निम्म्यावर अडकते, हे तिला माहीत आहे. रिव्हर्स लागायला वेळ लागतो, हे माहीत आहे का? माझ्याच्याने लागायला वेळ लागतो.

६:२४
मेसेज आला: पोचले. मधे पेट्रोल भरलं. काच पंपावरच्या माणसाने बटण धरून ठेवायला सांगितलं, ठीक झाली.

झटक्यांचा उल्लेख नाही. तिला जाणवले नसतील. नवख्या माणसाला जाणवत नाहीत.

रात्री ८:००
जेवायच्या आधी हिने मला खाली नेलं. लॅबची तपासणी उत्तम झाली, असं जिन्यात सांगितलं. मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. म्हणाली, डावा बूट काढा, पाय सीटखाली मुडपून ठेवा, आणि सोसायटीला पाच फेऱ्या मारा. मारल्या. मग म्हणाली, आता बूट घाला, नेहमीसारखं चालवा, आणखी पाच.

झटक्यांची नोंद हिने ठेवली. माझ्याच वहीत. पाय मुडपून: शून्य. पाय मोकळा: तेवीस.

मी म्हणालो, हा योगायोग असू शकतो. ही म्हणाली, वीस-वीस फेऱ्या मारू या, मला घाई नाही. आणि मग अगदी शांतपणे, पेशंटला रिपोर्ट समजावतात तसं सांगितलं. इंजिनचा आवाज चढला की तुमचा डावा पाय क्लच दाबायला जातो. क्लच नाही. तिथे ब्रेक आहे. तुम्ही ब्रेक दाबता.

मी खाली बघितलं. पेडल दोनच आहेत. हे मला माहीत होतं. म्हणजे, कोणी विचारलं असतं तर मी दोनच सांगितले असते.

हिला सोमवारीच कळलं होतं. मग सोमवारीच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ही म्हणाली, तीन दिवस वाट पाहिली, तुम्हाला आपलं आपण कळतंय का. मग विचारलं, गाडी खरंच बिघडलेली निघाली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?

मी नाही म्हणालो. पण लगेच नाही म्हणालो.

रात्री ९:३०
गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने फेब्रुवारीतच ओळखलं होतं. ब्रेकचे दिवे लागताना दिसले म्हणाला. मी फोन उचलला नाही, त्याला तो तरी काय करणार, असंही म्हणाला. माफी मागणार होतो, तेवढ्यात त्याने अंगठा कसा आहे विचारलं. हिने बहुतेक मेहुण्याला सांगितलं, मेहुण्याने सगळ्यांना.

२४ मार्च, रविवार
ही गाडी घेऊन बहिणीकडे गेली आहे. मला चला म्हणाली. काम आहे, म्हणालो. काम नाही. गॅलरीतून बघितलं. दोन खांबांमधून मागे घेतली, एका दमात. मी तीन-चार दमांत घेतो.

सकाळी ११:२०
मोटार ड्रायव्हिंग क्लासला फोन केला. ऑटोमॅटिकची बॅच आहे का, विचारलं. फोनवर एक बाई होत्या. कुणासाठी, म्हणाल्या. पत्नीसाठी, म्हणालो. मॅडमना आधी गाडी येते का, त्यांनी विचारलं. येते, म्हणालो. चांगली येते.

मग क्लास कशाला, असं त्या बाई म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. मी माझं नाव सांगितलं.