नवरीच्या गाडीतला गारवा

ती. ताईस,

धाकट्या चिन-हायचा दोन्ही गुडघ्यांना हात लावून नमस्कार (नव्या गुडघ्याला हळूच, जुन्याला नेहमीसारखा). कीलुंगला पाऊस थांबला का, हे विचारत नाही. थांबला असता तर तूच फोन करून सांगितलं असतंस. डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय ना, मग चढू नकोस. वाळत घातलेल्या कपड्यांना भावजी आहेत. तुझ्या ऑपरेशनमुळे तुला माईच्या थिंग-वेईच्या लग्नाला येता आलं नाही याची रुखरुख सगळ्यांनाच आहे, पण मला जरा जास्त, कारण तू असतीस तर माई इतकी चढली नसती. तुझ्यासमोर ती अजूनही धाकट्या बहिणीसारखा आवाज खाली घेते.

माईने तुला फोनवर सांगितलं असेलच, की तिची नवी सून रुओ-लिन हातात पंखा घेऊन घरात शिरली. माहेरून निघताना नवरीने गाडीच्या खिडकीतून पंखा टाकायचा आणि आपला राग-रुसवा माहेरच्या दारात सोडून यायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या मुलीने तो टाकला नाही. मांडीवर ठेवला, अर्धा तास प्रवास करून सासरी आणला, आणि दारात नवरीसाठी ठेवलेल्या निखाऱ्यांवरून पाय टाकला तोही पंखा हातात धरून. तेव्हापासून माई तिच्याशी धड बोलत नाही. मासळीबाजारात ज्याला-त्याला सांगते, आमची सून स्वभावासकट आलीय म्हणून. मुलगी खाली मान घालून भांडी घासते. येत्या रविवारी तिच्या माहेरी, छाओचोऊला, परतभेटीचं जेवण आहे. तिची आई मुलीचा चेहरा बघणार, आणि तो असाच उतरलेला दिसला तर दोन घरांत कायमची अढी बसणार. अशा वेळी सख्ख्या मामाने गप्प बसून चालत नाही, म्हणून खरी हकीकत लिहायला बसलो आहे. (माईने स्वतःच्या लग्नात फेकलेला पंखा शाळेच्या गणवेशात मीच उचलला होता. तू म्हणतेस की तिचा राग तेव्हापासून माझ्याकडे आला. आला असेल, पण मग तिच्याकडे सध्या जो आहे तो कुठला, हे मला कुणी समजावून सांगत नाही.)

सुरुवात माझ्या गाडीपासून करावी लागते. नवरीच्या वरातीत सहा गाड्या ठरल्या आणि पहिली, नवरीची, माझी, हे मी साखरपुड्यालाच जाहीर करून टाकलं. थिंग-वेई आडून आडून म्हणाला, "मामा, भाड्याने काळी लांब गाडी मिळते, फुलं लावून देतात. तुम्हाला कशाला त्रास." मी म्हटलं, जेवणात मामा बसल्याशिवाय कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही, आणि मामाची गाडी मात्र नको का? माझी गाडी जुनी आहे, पण पांढरी आहे आणि आतली आसनं मी दर रविवारी पुसतो. फक्त लग्न तोंडावर आलं असताना तिचा एसी गार हवा द्यायचा बंद झाला. गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला, चार दिवस गार, पुन्हा गरम. तो म्हणाला, काका, कुठेतरी गळतंय, गाडी सोडून जा, शोधतो. ताई, तूच सांग, हे कुणाला सांगतोय तो? तोंगकांगच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी आख्खी हयात घालवली. माणसापेक्षा मोठे टूना मी दगडासारखे गोठवले आहेत. त्या मानाने गाडीचा एसी म्हणजे भातुकली. मी गाडी घरी आणली.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, हा गॅस शहाजोग आहे. आमचा अमोनिया कसा सरळमार्गी. जरा कुठे सुटला की डोळ्यांतून घळाघळा पाणी, सगळा कारखाना बाहेर पळतो, शोधायचं काही उरतच नाही. याला वासच नाही, आणि निघून जातो कुणाला न सांगता. मी पहिल्या दिवशी सवयीने सगळ्या नळ्या हुंगत बसलो. शेजारच्या म्हातारीने ली-ह्वाला विचारलं, तुझ्या नवऱ्याला बरं नाही का. दुसऱ्या दिवशी साबणाचा फेस करून ब्रशने सांध्यासांध्यावर लावला. जिथून गळतं तिथे बुडबुडा यायला हवा. बुडबुडे पुष्कळ आले, पण ते मी फेस जोरात घुसळल्याचे होते. ली-ह्वा म्हणाली, निदान गाडी तरी धुतली गेली.

मग मी गॅरेजवाल्याकडूनच चमकणारा रंग आणला. (विकत आणला, सल्ला घेतला नाही.) हा रंग नळीत सोडायचा, एसी चालवायचा, आणि जांभळ्या उजेडाच्या बॅटरीने बघायचं, गॅसबरोबर रंग बाहेर झिरपतो आणि गळतीच्या जागी हिरवापिवळा चमकतो. अंधार मात्र हवा. रात्रीपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही, म्हणून भर दुपारी बॉनेटवर आमच्या लग्नातली कापसाची जाड रजई टाकली आणि आत शिरलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रजईखाली इंजिनाची धग, डोळ्यांवर पिवळा चष्मा. बॅटरी लावली आणि बघतो तर काय, सगळंच चमकतंय. नळ्या चमकतात, इंजिन चमकतं, बॅटरी धरलेला माझा हात कोपरापर्यंत चमकतो. रंग भरताना थोडा हाताला लागला होता आणि तोच हात मी सगळीकडे फिरवला होता. मी बाहेर येऊन माग काढत गेलो. दाराची कडी, चहाची किटली, माझं नाक, मांजराची पाठ. देवघरात सकाळी उदबत्ती लावली होती, तिथे भूमिदेवाची दाढी. ली-ह्वाने ते पाहिलं आणि आधी हात जोडले, मग मला नको ते बोलली. दोन दिवस आम्ही घर पुसत होतो. ती पुसायची आणि मी बॅटरी मारून राहिलेलं दाखवायचो, तेही तिला आवडत नव्हतं.

पण ताई, शेवटी मी ती गळती पकडली. हात धुऊन, नवं फडकं घेऊन, पुन्हा रजईखाली गेलो आणि पुढच्या जाळीजवळच्या सांध्याखाली एकच थेंब दिसला, मोहरीएवढा, हिरवा. रजईखाली मी एकटाच होतो, तरी मान ताठ झाली. सांधा उघडला, आतली रबराची कडी झिजली होती. आता गॅरेजवाल्याकडे कडी मागायला जाणं म्हणजे नाक घासणं. माझ्याकडे बर्फाच्या कारखान्यातल्या जुन्या कड्यांचा डबा आहेच (तो फेकून दे म्हणून ली-ह्वा निवृत्तीपासून मागे लागली आहे). त्यातली एक तिथे अशी बसली की जणू त्याच जागेसाठी जन्मली होती. गॅस भरून आणला. गाडीत असा गारठा पडला की ली-ह्वा शिंकली. मी स्वतः छाओचोऊला फोन करून मुलीच्या वडिलांना सांगितलं, व्याही, पोरीबरोबर शाल द्या, माझ्या गाडीत थंडी वाजेल. हे मी त्यांना पुन्हा वरातीच्या दिवशी त्यांच्या दारातही सांगितलं, सगळे ऐकत असताना.

आता पुढचं लिहिताना पेन जरा अडतं, पण लिहितो. मुलीकडे गोड गोळ्यांचं पाणी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, रडारड, यात बराच वेळ गेला. तेवढा वेळ मी गाडी चालू ठेवून एसी पूर्ण सोडला होता, मुद्दाम काच खाली करून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला गारवा लागावा. डब्यातली ती कडी त्यातच कामातून गेली. रिवाजाप्रमाणे डोक्यावर चाळण धरून मुलीला आणून गाडीत बसवलं, मी काच चढवली, आणि तोंडावर गरम हवा आली. मागे पाच गाड्या, पुढे फटाके, बाजूला शाल घेऊन उभे असलेले व्याही. मी सुटात होतो, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. काचा उघडणं म्हणजे सगळ्या छाओचोऊला सांगणं की मामाचा एसी बंद पडला. मी उघडल्या नाहीत.

पंखा टाकायला तिने तिची काच खाली केली. भाऊ उचलायला बाहेर उभा. आरशात मला दिसलं, तिने एकदा पंख्याकडे बघितलं आणि एकदा माझ्या मानेकडे, जिच्यावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. तिची आई म्हणाली, "टाक गं." ती म्हणाली, "राहू दे आई, लागेल मला," आणि काच वर केली. पुढचा अर्धा तास, ताई, ती मुलगी मागच्या आसनावरून माझ्या मानेला वारा घालत होती. तिच्या तोंडावरचा रंग ओघळत होता, शेजारी थिंग-वेई टिश्यूंचा डबा संपवत होता, आणि ती मला म्हणते, "मामा, मान जरा डावीकडे करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी लागेल." अर्ध्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले होते. ती नसती तर वरात भातखाचरात गेली असती, पहिली गाडी पुढे आणि पाच मागोमाग. घर आलं तेव्हा ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "गाडीतलं गाडीत हं, मामा."

तिने शब्द पाळला. सासूने विचारलं तेव्हा म्हणाली, पंखा आवडीचा होता, टाकवला नाही. थिंग-वेईने आईला खरं सांगितलं तर माई म्हणाली, दुसऱ्या दिवसापासूनच बायकोची वकिली सुरू झाली. आणि मी चार दिवस तोंड शिवून बसलो, त्याबद्दल ली-ह्वाने मला जे ऐकवलं ते तू समजून घे.

त्या चार दिवसांत मी एक काम मात्र केलं. एसी असा दुरुस्त केला की तोंगकांगात तशी दुरुस्ती झाली नसेल. या वेळी गळती शोधायला रजई लागली नाही, माझी कडी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. योग्य कडी आणली, तेलाचं बोट लावून बसवली, गॅस भरला, फेस लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. आता ती गाडी नुसती गाडी नाही, टूना ठेवायची खोली आहे.

पाचव्या दिवशी मी माईकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एसी बंद होता, मी काचा उघडल्या नाहीत, पोरीने माझ्यासाठी पंखा ठेवला. माझी मान खाली जाताना माईने जन्मात कधी पाहिलेली नाही, त्यामुळे ती गोंधळली. तिने सुनेला हाक मारली. आणि त्या मुलीने माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "नाही हो आई, मामा माझ्यावर पांघरूण घालताहेत. गाडीत इतकं गार होतं की मला शाल हवीशी वाटली." माई म्हणाली, "मीच बघते," आणि थेट येऊन गाडीत बसली. "लाव." मी लावला. ताई, दोन मिनिटांत तिचे दात वाजले. खाली उतरून म्हणाली, "लाज वाटते का रे या वयात खोटं बोलायला? एवढा चांगला एसी, आणि बंद होता म्हणून सांगतोस." माझ्या कामाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही अशा वेळी आलं.

अशी हकीकत आहे. आपल्या घरात एक मुलगी आली आहे, जिने पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या मामाची अब्रू राखली आणि त्यापायी स्वतःची घालवली. टूनाचा, कारखान्याचा, कशाचा नाही एवढा मला तिचा अभिमान वाटतो. तू तेवढा माईला फोन कर. भावजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
चिन-हाय

ता. क. फोनवर यातलं काही सांगू नकोस, ती तुझंही ऐकणार नाही. म्हणेल धाकट्याने शिकवलं. एवढंच सांग, की रविवारी छाओचोऊला जाताना माईने माझ्याच गाडीत बसायचं, मागे, सुनेच्या शेजारी. मोठीने सांगितलं म्हणजे बसेल. खरी विनंती ही आहे.

ता. क. २. आज सकाळी मी तो सांधा उघडला, चांगली कडी काढली आणि डब्यातली जुनी पुन्हा बसवली. ली-ह्वा बघत होती, पहिल्यांदाच डब्याबद्दल काही बोलली नाही. गळती शोधणारे पुष्कळ मिळतील. हवी तिथे, हवी तेव्हा लावून देणारा माझ्यासारखा दुसरा दाखव. माझ्या हिशोबाने गाव सुटेपर्यंत गाडी गार राहील आणि वाटेतल्या पुलाच्या पलीकडे कडी जाईल. काचा मी उघडणार नाही.

ता. क. ३. माईने पंखा घ्यायचा का विचारलं तर नको म्हण. पोरीकडे आहे, आणि ती आधी सासूलाच वारा घालेल.