बारावं कलम

१८ जून १९६३
बोट आली. ट्रकवरून उतरवायला चौदा माणसं, आणि चौदाही जण मुकादम. मोटर लहान आहे, बोटीच्या मागे अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "वामन, बारा वर्षं पंपाचं इंजिन चालवलंस ना? हेही इंजिनच." पंप जागचा हलत नाही साहेब, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.
पूर्णेवर इथे पूल नाही. पावसाळ्यात पलीकडच्या गावांचा बाजार बंद, दवाखाना बंद. आता हा घाट माझ्याकडे. आमच्यातला माणूस सरकारी मोटरीवर, तालुक्यात पहिलाच. घरी सांगितलं तर कलावतीनं एवढंच विचारलं, "पोहता येते काय तुमाले?"
येत नाही.

२१ जून
मदतनीस म्हणून सखाराम भोई दिलाय. चाळीस पावसाळे या घाटावर डोंगा चालवला म्हातार्‍यानं. आता डोंगा काठावर पालथा आणि बुवा माझ्या हाताखाली. हाताखाली कसला! शिकतोय मीच.
उजवीकडे जायचं तर मागची मूठ डावीकडे दाबायची. तीनदा उलटं केलं, दोनदा बाभळीत घुसलो. पंखा दगडाला लागला की आतली पिन तुटते, मग मोटर नुसती बोंबलते आणि बोट जागेवर. जास्तीच्या पिना खिशात ठेवणे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं विसरू नये.
बुवा: "मोटरीकडं काहून पाहून राहिले, मिस्तरी? पान्याकडं पाहा. जिथं बोलते तिथं उथळ. गप बसलं तं खोल."

२९ जून
पहिला बाजार. बारा माणसं, दोन शेळ्या. माझ्या हातात मूठ बघून एक पांढरा फेटा काठावरच थबकला. पाच मिनिटं आभाळ पाहिलं, मग गुपचूप चढला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. जातही नसते, असं दिसलं.
नदीच्या मध्ये रेताड आहे, वाळूची पट्टी, तिच्या आडोशाला पाणी संथ. बुवानं हात वर केला, थांबवा. मोटर बंद केली. त्यानं बांबूचं टोपलं काढलं. बायांनी हळद-कुंकू, फुलं, खण, एकीनं नारळ, जे काय नदीला वाहायचं ते बसल्या बसल्या टोपल्यात घातलं. टोपलं मांडीवरून मांडीवर पुढे गेलं. बुवानं टोकाला बसून एकट्यानं सगळं पाण्यात सोडलं. "माय, सार्‍यायचं घे." झालं. चला.
मला हसू आलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला सातवं वर्ष लागलंय. माझ्या लेखी नदी म्हणजे पाणी. पण थांबलो.

६ जुलै
आज बेइज्जत. रेताडाशी टोपल्यासाठी मोटर बंद केली, ती पुन्हा लागेना. दोरी अकरा वेळा ओढली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सरकारी हेला बसला रे बाप्पा, शेपटी पिळा त्याची!" बोटभर हशा. पांढरा फेटा सगळ्यात जास्त हसला. शेवटी बुवानं बांबू रेतीत रोवत रोवत बोट काठाला लावली. कोणी बुवाला शाबासकी दिली, कोणी माझ्याकडे बघून पुन्हा हसलं. जेवलो नाही.

७ जुलै
बुवाला सांगितलं, सरकारी बोटीत टोपलं नको. ही अंधश्रद्धा आहे, वेळ जातो, इंजिन थंड पडतं. बरंच बोललो. सभेत बोलतात तसं.
बुवा ऐकत राहिला. "मंग त्या बाया काय करतीन?"
"काही करणार नाहीत. नवीन काळ आहे."
"बरं," म्हणाला. टोपलं उचलून घरी घेऊन गेला. त्यानं कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

२० जुलै
न थांबता सहा मिनिटांत पार. ओव्हरसियर साहेब, म्हणजे आमचे ओ.सा., खूश. बाया चालत्या बोटीतूनच फुलं टाकतात, अर्धवट उठतात. बुवा पुढून ओरडतो, "बसून टाका व माय!" मी म्हटलं, बुवा, तुमी उगाच घाबरता. आता मोटरीवर हात बसलाय माझा. महिन्याभरात मी स्वतःला दर्याचा कप्तान समजायला लागलोय, आणि दर्या पाहिलेला नाही.

२४ ऑगस्ट
कौसल्या. पलीकडच्या गावची सून.
लिहवत नाही.

२६ ऑगस्ट
लिहिलं पाहिजे.
महालक्ष्म्या तोंडावर, शनिवारचा बाजार. कौसल्या लग्नानंतर पहिल्यांदा महालक्ष्म्यांना माहेरी निघाली होती, सासू पार्वताबाई सोबत बोटीत, पोचवायला. वर डोंगरात पाऊस झालेला, पाणी लाल. सासूनं ओटीचं सामान सुनेच्या पदरात दिलं होतं. रेताड आलं. मी थांबलो नाही. चार-पाच बाया एकदम उठल्या, एकाच बाजूला, रेताड मागे जायच्या आत टाकायचं म्हणून. बुवा ओरडला, "बसा! बसा!" मी घाबरून मूठ दाबली. चुकीच्या बाजूला, पहिल्या दिवशीसारखी. बोट कलली, पाणी आत आलं, तिघी बाहेर.
बुवानं सत्तराव्या वर्षी उडी टाकली. दोघींना आणलं. मी मूठ धरून बसून होतो. पोहता येत नाही.
ती काल सकाळी सापडली, दीड कोस खाली, बाभळीला अडकलेली. पदराची गाठ तशीच होती.

३० ऑगस्ट
ऑफिसात चौकशी. माझ्याआधी बुवाला बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर सगळं ऐकू आलं.
"लोकायले बसवाचं काम माहं होतं. मी नाई बसवलं. चूक माही हाय, साहेब."
टोपल्याचं नाव नाही. माझं नाव नाही.
मग मला विचारलं, हे बरोबर आहे? मी म्हणालो, होय.
एक शब्द. एवढाच.

३१ ऑगस्ट
बुवाला कामावरून काढलं. मला ताकीद.
संध्याकाळी त्याच्या झोपडीवर गेलो. विचारलं, काहून असं बोलले बुवा?
चिलीम झाडत म्हणाला, "माहं काय, पिकलं पान. तुमच्यातला एक जन पयल्यांदा मोटरीवर बसला. तो उतरला तं दुसर्‍याले कोन बसवन?"
आतल्या खुंटीला टोपलं टांगलेलं. मग मला विचारायचं धैर्य झालं, ते कशासाठी होतं?
"माह्या बापानं लावून देल्लं. एका साली डोंगा पलटला होता. बाया ऐकत नाईत, उठतातच. तं बापानं सांगतलं, नदीले बसल्या मानसाचंच चालते. टोपल्यात द्या, भोई टाकन. तवापासून कोनी उठलं नाई."
मग मले आधी काहून नाई सांगतलं, विचारलं.
"तुमी विचारलं नाई. आन मले वाटलं, शिकलेला मानूस हाय, त्याच्याजवळ याहून बरी तोड असन."


९ सप्टेंबर
बोट बंदच आहे. गावात बुवाशी कोणी बोलत नाही. पार्वताबाईच्या घरच्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. तो दुखवट्याला बसायला गेला होता. चाळीस वर्षं ज्यांना पार नेलं त्यांनी. कलावती म्हणाली, "त्यानं तुमची नोकरी वाचवली. तुमी त्याचं काय वाचवता?" मी तिच्यावर ओरडलो. खरं बोललं की मला राग येतो, जुनी खोड आहे.

१४ सप्टेंबर
पुन्हा सुरू. बोटीत सहाच जण. पुढची जागा रिकामी. रेताडाशी सगळ्यांनी हात जोडले, मान खाली. कोणी उठलं नाही. सगळे माझ्याकडे न बघता बसले होते. मीही न बघता.

१६ सप्टेंबर
ओ.सा. म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात आणखी तीन घाटांवर बोटी येणार. नवे चालक, मोटर कधी पाहिलेली नाही. "पहिल्यांदा चालवणार्‍यासाठी सूचना लिहून दे. तुझ्याइतका अनुभव कोणाला आहे?"
अनुभव.

२१ सप्टेंबर
अकरा कलमं झाली.
१ तेल मिसळून पेट्रोल भरणे. २ निघण्यापूर्वी पिना, दोरी, प्लग तपासणे. ३ चढणार्‍याचा पहिला पाय बोटीच्या मध्ये. ४ ओझी खाली, मध्ये. ५ मूठ व बोट उलट दिशेने जातात, रिकाम्या बोटीत आठ दिवस सराव करणे. ६ पाणी लाल झाले की वर पाऊस आहे, बोट काढू नये. ७ बोलणारे पाणी उथळ. ८ घाबरल्यावर आधी वेग कमी, मग मूठ. ९ वेळ झाला म्हणून घाई नाही. १० घाटावरच्या जुन्या माणसाला विचारणे. ११ पोहता न येणार्‍याने चालक होऊ नये.
अकरावं लिहून पेन खाली ठेवलं. ते तर मीच. आता विहिरीत पोहायला शिकतोय, अडतिसाव्या वर्षी, कमरेला डबा बांधून.
बारावं लिहायचं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. ते लिहिलं की नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही. लोक म्हणतील, बघा, यांच्या हाती मोटर दिली आणि यानं आमची ओटी बंद केली, पोर बुडवली. पहिलं अर्धंच खरं, टोपलं बंद केलं, ओटी नाही. दुसरं पूर्ण खरं. लोक दोन्ही एकाच गाठीत बांधतील. पुढे आमच्यातल्या कोणाचा अर्ज आला की हीच गाठ सोडून दाखवतील. बुवा हेच टाळत होता.
पण बुवा मेल्यावर गाव काय म्हणेल? सून बुडवणारा भोई.

२७ सप्टेंबर
लिहिलं. इथे उतरवून ठेवतो.
"१२. नदीच्या मध्ये लोकांना नदीला काही वाहायचे असते. तुमचा विश्वास असो वा नसो, संथ पाण्यात थांबावे. टोपले ठेवावे. एकानेच वाहावे, बाकीच्यांनी बसून राहावे. ही पद्धत या घाटावर सखाराम भोई पाळत होते. ७ जुलैला मी ती बंद केली. कारण अंधश्रद्धा असे सांगितले. खरे कारण असे की आदल्या दिवशी मोटर पुन्हा लागली नाही आणि लोक मला हसले. २४ ऑगस्टचा दोष माझा आहे, सखाराम भोई यांचा नाही. थांबल्यावर मोटर पुन्हा लागली नाही तर लोक तुम्हालाही हसतील. हसू द्यावे."
सही केली.

२८ सप्टेंबर
ओ.सा.नी दोनदा वाचलं. "सूचना मागितल्या होत्या वामन, कबुली नाही." नंतर हळू आवाजात, "हे वर गेलं तर चौकशी पुन्हा उघडेल. मोटर जाईल तुझी. अकरा छान आहेत. बारावं काढून दे." माणूस वाईट नाही. मलाच जपत होता. सगळे मलाच जपतात आणि ती पोरगी...
कागद परत घेतला नाही. टेबलावर ठेवून आलो. वर पाठवतील की खणात टाकतील, ठाऊक नाही.

३० सप्टेंबर
बुवाकडे टोपलं मागायला गेलो. कागदाचं सांगितलं. चिडला. पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. "कोनी सांगतलं होतं तुले शहानपन करायले!" मग उठला. खुंटीवरून टोपलं काढलं, पटक्यानं पुसलं. म्हणाला, "घेऊन जा. तुह्या हातातल्या टोपल्यात लोकं ठेवतीन का नाई, मले सांगता येत नाई."

५ ऑक्टोबर
ऑफिसकडून अजून काही नाही.
आज पार्वताबाई घाटावर आली, त्यानंतर पहिल्यांदाच. पाणी उतरत चाललंय, बोटीचे थोडेच दिवस उरलेत. दहा-अकरा माणसं होती, पांढरा फेटाही. बुवा आपल्या पालथ्या डोंग्याला टेकून बसलेला. ती त्याच्या समोरून मान फिरवून गेली. ते बघवलं नाही. बोट सोडायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं. टोपलं बुवानं नाही, मी बंद केलं होतं. का बंद केलं तेही सांगितलं. हशाचंही. पांढरा फेटा खाली बघायला लागला. एकानं शिवी दिली. ती माझ्याच नावची होती, घेतली.
पार्वताबाई म्हणाली, "तवा काहून नाई बोलला?"
"नोकरी जाईन म्हणून, बाई."
तिनं पदर सावरला. वळली, पाच-सहा पावलं डोंग्याकडे चालत गेली आणि बुवासमोर उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. बुवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती परत येऊन बोटीत बसली. दुसरी बोट नाहीच.
रेताड आलं. मोटर बंद केली. एकदम शांत झालं, पाण्याचा आवाजही नाही. टोपलं काढून पुढे धरलं. कोणी हललं नाही. पार्वताबाईनं पदराची गाठ सोडली. हळद-कुंकू, खण, हिरव्या बांगड्या, नारळ. सुनेचं वाहायचं राहिलेलं.
तिनं आधी टोपल्याकडे पाहिलं, मग मागे काठाकडे, जिथे बुवा होता. मग माझ्या हातांकडे.
"आता हे मी कोनाच्या हातात देऊ?"
टोपलं तसंच धरून बसलो. ती बसूनच होती, सगळे बसून होते. ओटी तिच्या मांडीवर आणि बोट संथ पाण्यात हळूहळू फिरत होती.