पाचव्या पाण्याची तंबाखू

४ मार्च
डॉक्टरांकडे जाऊन आलो. खोकला जुनाच आहे, हे त्यांना मी फोनवरही सांगू शकलो असतो. त्यांनी छाती तपासली, पाठीवर टकटक केली आणि पाईप सोडा म्हणाले. का, असं विचारल्यावर म्हणाले, निकोटीन. म्हणजे मुद्दा स्पष्ट झाला. पाईप निर्दोष आहे. तंबाखूही बिचारी साधीच. तिच्यात निकोटीन घुसून बसलंय, ते बाहेर काढलं की झालं. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांच्या डोक्यात येऊ नये याचं नवल वाटतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. एप्रिलच्या सुरुवातीला बाळ येणार. मेपासून जावई कामासाठी तीन महिने बाहेर, तेव्हा ती बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येईल म्हणते. अट एकच, घरात धूर नको. धूर असेल तर ती येणार नाही, उलट आईलाच तिकडे घेऊन जाणार. हिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, झालंच म्हणून समज.

५ मार्च
निश्चय. दिवसाला तीनच पाईप. सकाळी एक, जेवणानंतर एक, झोपताना एक.

दुपारी – सकाळच्या चहापर्यंतच तिन्ही झाले. दोष माझा नाही, पाईप लहान आहे. माळ्यावरचा मोठा पाईप काढला. त्यात दुप्पट मावते, पण मोजायचा एकच.

७ मार्च
युक्ती सापडली. तीही ऑफिसात, काम करताना.

माझी सगळी नोकरी गिरणीच्या रंगशाळेत गेली. सुताच्या लडी रंगवल्या की जास्तीचा रंग धुऊन काढायचा असतो. पहिलं पाणी गडद येतं, दुसरं फिकट, तिसरं आणखी फिकट. पाणी निर्मळ आलं की समजायचं, सुतात नको ते काही उरलं नाही. हा नियम मी कित्येकांना शिकवलाय. तोच तंबाखूला लावायचा. जगात हे कुणाला सुचलं नाही, कारण तंबाखूवाल्यांना रंगकाम येत नाही आणि रंगकामवाले सगळे सिगारेट ओढतात.

९ मार्च, रविवार
पहिली धुलाई. एक पाकीट तंबाखू माझ्या स्वच्छ मोज्यात भरली, वर गाठ मारली आणि गरम पाण्याच्या टबात बुडवली. पहिलं पाणी कडक कोऱ्या चहासारखं. पाचवं वाळलेल्या गवतासारखं, जेमतेम पिवळं. प्रत्येक पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंगशाळेसारखं रीतसर छटांचं शेडकार्ड तयार केलं. त्यावरून हिशेब असा की नव्वद टक्के निकोटीन गेलं. ब्याण्णवही असेल.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पाण्यात उतरला तो रंग, निकोटीनला मुळात रंग असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं. तिला रंगशास्त्र कुठून माहीत असणार. धुलाईचा मोजा मात्र आता पायात घालायच्या लायकीचा राहिला नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे.

११ मार्च
काल ओली तंबाखू ऑफिसात नेली आणि नमुने वाळवायच्या मशीनमध्ये ठेवली. मशीन झकास. आज त्याच मशीनमधून एका मोठ्या गिऱ्हाइकाचा पांढराशुभ्र नमुना बाहेर आला तो बदामी. मॅनेजरनं तो नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पाणी जड असेल. तो म्हणाला, पाण्याला असा वास येत नाही. मशीनची किल्ली आता त्याच्या खिशात आहे. संशोधनाची कदर करणारी माणसं राहिली नाहीत.

१२ मार्च
वाळवायला जागा हवी. स्वयंपाकघराला हिचा सक्त नकार. बाल्कनीत पसरली तर वाऱ्यानं निम्मी उडाली आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसली. खालच्या बाईंनी जिना डोक्यावर घेतला.

शेवटी बाळाची खोली आठवली. पूर्वेची खिडकी, भरपूर ऊन, आणि मेपर्यंत रिकामीच. ही खोली मी स्वतः आवरली आहे. जुन्या फायली काढल्या, भिंती पुसल्या, पाळणा घासून रंगवला. पाळण्याचा पिवळा मी तीन वेळा बदलून तयार केला. असा पिवळा बाजारात मिळत नाही. तिथे वर्तमानपत्रं पसरून तंबाखू टाकली. धुतलेल्या तंबाखूला वास नसतो. असला तर किरकोळ.

१३ मार्च
धुतलेल्या तंबाखूचा पहिला पाईप. चव साधारण खाकी पुठ्ठा जाळल्यासारखी. पण निरुपद्रवी. निरुपद्रवी असल्यामुळे दिवसभरात आठ ओढले.

हवा फार खराब आहे. बरणीचं झाकण सापडलं नाही म्हणून हिच्यावर ओरडलो, आणि ते माझ्याच हातात होतं. बसच्या कंडक्टरशीही वाजलं. हवामानाचा स्वभावावर परिणाम होतो असं कुठेतरी वाचलं होतं.

१६ मार्च, रविवार
हवा अजून तशीच. हात थरथरतात. ही म्हणते, हवेचा संबंध नाही, तुम्हाला तलफ आलीय. ज्यानं निकोटीनवर विजय मिळवला त्याला तलफ कसली.

एक महत्त्वाची घटना. परवा हिनं धुण्याचं गडद पाणी वाया जाऊ नये म्हणून गुलाबाच्या कुंडीवर शिंपडलं होतं. त्यावर महिनाभर माव्याची कीड पडली होती. आज पाहिलं तर सगळा मावा मेला. ही म्हणाली, बघा, विष त्या पाण्यात आहे. मी म्हणालो, मग आणखी काय पुरावा हवा? पाण्यात आहे, म्हणजेच तंबाखूत नाही. हिनं कपाळाला हात लावला. आज पहिल्यांदाच हिनं माझा मुद्दा स्वतःहून सिद्ध करून दिला.

१८ मार्च
अडचण चवीची होती, तीही सुटली. तंबाखूचा सुगंध पाण्यात गेला, हे उघड आहे. सुगंधानं काय गुन्हा केलाय? तो उगाच निकोटीनबरोबर बाहेर ओढला गेला. म्हणून पहिली तीन पाणी एकत्र करून गॅसवर आटवली. काकवीसारखा अर्क झाला. तो थंड करून वरचा भाग तेवढा निथळून घेतला, कारण निकोटीन जड असणार आणि तळाशी बसणार. मग हा अर्क धुतलेल्या तंबाखूवर शिंपडला.

हिचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती संध्याकाळभर बहिणीकडे जाऊन बसली. स्वयंपाकघराच्या खिडक्या तिनं जाताना सताड उघडून ठेवल्या.

निकाल अप्रतिम. तीन झुरक्यांत मन प्रसन्न. हात थरथरायचे थांबले. ही परत आल्यावर तिला स्वतःहून चहा करून दिला. निकोटीन गेल्यावर माणूस किती शांत होतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

२४ मार्च
उत्पादन जोरात. तंबाखूच्या दुकानदारानं आज स्वतः उठून खुर्ची दिली, घरी पाहुणे आलेत का म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी पाईप सोडण्याच्या मार्गावर आहे. त्यानं आणखी दोन पाकिटं बांधून दिली.

खप वाढलाय, हे मान्य. पण प्रत्येक झुरक्यात निकोटीन जवळपास शून्य. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. ही गणितात कच्ची आहे.

२९ मार्च
तब्येत बिघडली. काल नव्या घाण्याला अर्क जरा सढळ हातानं टाकला होता. अर्ध्या पाईपनंतर घाम फुटला, खोली फिरायला लागली, मग उलट्या. न्हाणीघरातली फरशी गार होती म्हणून तिथेच आडवा झालो. कारण काकडी. रात्रीची काकडी मला कधीच मानवत नाही.

हिनं डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी अर्काच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि कृती विचारली. मी सविस्तर सांगितली. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही निकोटीन धुऊन काढलंत, आटवून घट्ट केलंत आणि परत घातलंत. बाटली ताबडतोब फेका म्हणाले. निथळून घेण्याचा भाग त्यांनी नीट ऐकलाच नाही. फी मात्र नीट घेतली.

बाटली हिच्या नजरेआड करणं भाग होतं. बाळाच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. तिथे सध्या कुणी जात नाही.

३ एप्रिल
नात झाली.

हॉस्पिटलात लेकीनं आधी मला दोनदा हात धुवायला लावले. मग दिली. वजन काहीच नाही, पण हात भरून गेले. कपाळ अगदी माझ्या आईचं. मला बोलता येईना. नर्सला वाटलं मला धाप लागली. मग पोरीनं नाक आकसलं, तोंड फिरवलं आणि शिंकली. लेकीनं तिला परत घेतलं. माझा कोट सकाळपासून बाळाच्या खोलीत टांगलेला होता, तेवढं चुकलं.

बसमधून येताना ठरवलं. उद्यापासून बंद. धुतलेली, अर्काची, सगळीच. ही खिडकीबाहेर बघत होती, पण तिनं माझा हात धरला होता.

४ एप्रिल
सहा पाकिटं धुऊन तयार आहेत. एवढा माल फेकणं म्हणजे अन्नाचा अपमान करण्यासारखं आहे. ती संपली की बंद. लेक मेच्या पहिल्या तारखेला येणार. अठ्ठावीसला खोली रिकामी करायची, धुवायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या. सगळी योजना तयार आहे.

१२ एप्रिल
माल संपत आला होता. तेवढ्यात दुकानदारानं नवीन प्रकार दाखवला. तो धुऊन कसा होतो, हे पाहणं शास्त्राच्या दृष्टीनं आवश्यक होतं.

२० एप्रिल, रविवार
जावयाला आधीच निघावं लागलं. लेकीनं फोन केला नाही, आजोबांना चकित करू म्हणून बाळाला घेऊन थेट आली. दार मी उघडलं. पाईप पाठीमागे धरला होता, पण धूर पाठीमागे धरता येत नाही.

ती सरळ बाळाच्या खोलीकडे गेली. परवाचा घाणा मोठा होता. जमीन पुरली नाही म्हणून थोडी तंबाखू पाळण्यातल्या गादीवर पसरली होती. कागद घालून, अर्थात. मी लगेच शेडकार्ड आणलं आणि पहिल्या पाण्यापासून पाचव्या पाण्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, पटतंय. मग ती हळूच म्हणाली, बाबा, ही खोली बाळाची होती ना.

ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

हिनं अर्ध्या तासात बॅग भरली. बॅग मीच खाली नेऊन टॅक्सीत ठेवली. बाळ झोपलेलं होतं. हिनं जाताना मला फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, दुसरं काही नाही.

२२ एप्रिल
घर मोकळं आहे. कुठेही ओढायला बंदी नाही. काल चारही खोल्यांत एकेक पाईप ओढला, बैठकीत तर पलंगावर पडून. कुणी काही म्हणालं नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं वाटलं.

धुलाई थांबवली आहे. वेळ मिळत नाही. सरळ पाकिटातली ओढतो, तुलनेसाठी. पाळणा साबणानं घासला. माझा पिवळा आता मोहरीच्या रंगाचा दिसतो.

२७ एप्रिल, रविवार
लेकीकडे गेलो. आंघोळ करून, नवा शर्ट घालून, सकाळपासून एकही पाईप न ओढता. लेकीनं दारातच खांद्याजवळ वास घेतला आणि कपाटातून जावयाचा शर्ट काढून दिला. तो मला पोटावर होत नाही. तरी घातला.

मग नात मांडीवर दिली. ती माझा अंगठा धरून झोपली. उठवायला नको म्हणून मी हललो नाही. पाय बधिर झाले, चहा निवला, पाईपची आठवणही झाली नाही. ही दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या पाठीशी उशी ठेवली. संपूर्ण दुपार, निकोटीन शून्य. धुणं नाही, आटवणं नाही, शेडकार्ड नाही. एवढा चांगला निकाल मला कधीच मिळाला नव्हता.

निघताना लेक म्हणाली, बाबा, असेच राहिलात तर आम्ही तिघी पुढच्या महिन्यात तिकडे येऊ. मी म्हणालो, संपलं ते सगळं आता. आणि मी ते अगदी मनापासून म्हणालो.

जिना उतरून फाटकाबाहेर आलो. आनंद फार झाला होता. इतका आनंद झाला की हात आपोआप खिशात गेले. दुसरा झुरका घेतल्यावर लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत लेक बाळाचा हात धरून मला टाटा करायला उभी आहे. शेजारी ही. मी हात हलवला. त्याच हातात पाईप होता.

त्यांनी खिडकी लावून घेतली. ते बरोबरच केलं. वारा नेमका त्यांच्याच दिशेनं होता. नाहीतर काहीच बिघडलं नसतं.