बॅरीचं उशिराचं हसू

टॉडमॉर्डन,
५ मार्च १९८६

प्रिय क्लाइव,

या आठवड्यात घरात आलं ते असं: कोळशाचं एक पोतं, चार पौंड दहा पेन्स, तुझ्या बाबांचं औषध, पेन्शनवाल्यांना फुकट, आणि टपालाने एक व्हिडिओ कॅसेट, नऊ पौंड नव्याण्णव. हा शेवटचा आकडा वाचून तू डोळे चोळशील. कॅसेट लावायचं यंत्र शेजारच्या मिसेस टॅटरसॉलनी उसनं दिलंय. "तुमच्या घरी हे? आता पाद्रीबुवा नाचायलाच लागतील," म्हणाल्या. मी त्यांना केक नेऊन दिला.

कॅसेट आपल्या शेगडीवाल्या मालिकेची, पहिल्या भागाची. भाड्याची खोली बघायला आलेला तो विधुर. घरमालकिणीला वाटतं, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला. हा भिडेखातर 'मी तो नव्हे' म्हणत नाही आणि कोट काढून सगळी शेगडी खोलून बसतो. सतरा वर्षं झाली, अजून दर नाताळात दाखवतात आणि अजून लोक हसतात. कसाईसुद्धा परवा म्हणाला, "पुढचे भाग ठीक, पण पहिल्याची सर नाही." मला वाटतं, आपण सगळे तसेच आहोत म्हणून. एक शब्द बोललं तर सुटेल, पण तोच तोंडातून निघत नाही.

आपल्या घरात तो भाग बघायचं कारण मात्र वेगळं, ते तुला ठाऊक आहे. चॅपलच्या प्रार्थनामंडळींची बस मँचेस्टरला त्याच्या चित्रीकरणाला गेली होती, प्रेक्षकांत बसून हसायला. तू परीक्षेमुळे राहिलास, तुझा भाऊ बॅरी मात्र आमच्याबरोबर आला. तो विधुर हातात नळी धरून "चहा नको, मी जरा घाईत आहे" म्हणतो, तिथे सगळे हसून थांबतात आणि मग आपल्या बॅरीचं सुरू होतं. आधी गंजलेल्या पंपासारखी कोरडी घरघर, मग एकदम धबाबा. त्याच्यामुळे बाकीचे पुन्हा हसतात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या धुक्यात माळावरच्या रस्त्याने मोटरसायकल नेली त्याने, आणि परत आलाच नाही. देवाची इच्छा, असं मी म्हणते. तुझे बाबा काहीच म्हणत नाहीत. दर नाताळात खुर्ची टीव्हीजवळ ओढतात, ते हसू ऐकतात आणि उठून कोंबड्यांकडे जातात.

आता त्यांना उठवत नाही. गिरणीतल्या धुळीने फुप्फुसं भरली आहेत. ईस्टरची लिलीची फुलं त्यांना दाखवायची तर लवकर आणा, असं डॉक्टर मला दारात म्हणाले. म्हणून नाताळाची वाट न बघता ही कॅसेट मागवली.

रविवारी प्रार्थनेनंतर लावली. नळीचा प्रसंग आला. लोक हसले, थांबले, आणि पुढचं वाक्य सुरू झालं. मध्ये काहीच नाही. मी पुन्हा लावली. विकण्याआधी त्यांनी आवाज साफसूफ केलाय, असं खोक्यावरच छापलंय. वेळ चुकवून हसणारा एक माणूस कुणाला तरी खटकला असेल आणि पुसला असेल. त्यांना काय माहीत.

मी बाबांना खोका वाचून दाखवला. ते म्हणाले, "माझं मन राखू नकोस, एड्ना. ते आहे तिथेच. मलाच ओळखू येत नाही." मी म्हटलं, "अहो, मलाही ऐकू आलं नाही." तर भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून सूपही घेत नाहीत. काल पाद्रीबुवा आले आणि म्हणाले, पलीकडे सगळ्यांची भेट होते. बाबा म्हणाले, "होत असेल. पण पोराचं हसू विसरलेला बाप त्याला तिथे ओळखणार कशावरून?" सतरा वर्षांत त्यांनी बॅरीबद्दल काढलेला पहिला शब्द हा.

क्लाइव, तो भाग पहिल्यांदा लागला त्या रात्री तू तुझा टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवला होतास आणि सगळ्यांना दम दिला होतास, "कुणी शिंकायचंसुद्धा नाही." तरी मी साखरेचं विचारलंच. आणि आतून बॅरीचं हसू आलं तेव्हा बाहेरचा बॅरी ओरडला, "अरे, हा तर मीच!" आणि पुन्हा तसाच हसला. त्या टेपचं रीळ कपाटात माझ्या शालींखाली असायचं. तू विनिपेगला गेलास त्या दिवसापासून ते तिथे नाही. मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. तू नेलंस ते बरंच केलंस. तू ते ऐकतोस की नाही, तेही विचारत नाही. पण आता बाबांना ते एकदा ऐकवायला हवं. ते हातचं सोडवत नसेल तर नक्कल पाठव, नाहीतर घेऊन तूच ये. आयुष्यभर तुला काटकसर शिकवली, या वेळी करू नकोस. बोटीने नको, विमानाने पाठव, आणि निघालं की नाही ते उलट टपाली कळव.

तुझीच,
आई